बॅटरीवरच्या पाण्याच्या पंपाला आपोआप बंद होणारा टायमर: लांबच्या जागेसाठी नेमकं काय लावायचं?

रानातली_खोली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज स्वतः धागा काढतोय कारण झालेलं नुकसान डोक्यातून जात नाहीये.

आमची एक जागा आहे वस्तीपासून बरीच लांब, तिथे लाईट नाही. १२ व्होल्टची १०० अँपअवरची लेड ॲसिड बॅटरी, वर एक सोलर पॅनल, जमिनीवर १००० लिटरची टाकी आणि त्या टाकीतून नळाला पाणी ढकलणारा छोटा डायफ्राम (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा) पंप. नळ उघडला की प्रेशर पडतं आणि पंप चालू होतो, नळ बंद केला की बंद. महिन्यातून एकदा दोनदाच जाणं होतं. तीन वर्षं काही तक्रार नव्हती.

मागच्या वेळी निघताना सगळं बघितलं, नळ बंद, खिडक्या बंद, फक्त पंपाचा स्विच चालूच राहिला. पंधरा दिवसांनी गेलो तर दारातूनच जळक्या रबरासारखा वास. पंपाच्या पुढचा होजपाइप क्लिपमधून निसटून बाहेर लोंबत होता. टाकी तळाला कोरडी, भिंतीलगतची माती वाहून गेलेली, पंपाच्या हेडचं प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडलेलं. मीटर लावला तर बॅटरी ६ व्होल्टच्या खाली. चार्जरवर दोन दिवस ठेवली, वर आली खरी पण लोड टाकला की दहा मिनिटांत बसते.

नंतर हिशोब केला. पंप मिनिटाला साधारण ११ लिटर देतो म्हणजे १००० लिटर दीड तासात संपले. त्याच्यापुढे तो कोरडाच फिरत बसला, बॅटरी मरेपर्यंत. दिवसा सोलरने जरा जीव आला की परत फिरायचा. दीड तासाचं काम आणि पंधरा दिवसांची शिक्षा.

तर मला असा टायमर पाहिजे की ठरलेली मिनिटं झाली की पंप बंद म्हणजे बंद. कुठला लावू, किती मिनिटांचा ठेवू, आणि तो टायमर स्वतःच दिवसभर बॅटरी खाणार नाही ना? ज्यांनी स्वतः लावलाय त्यांनी जरूर सांगा.

---

तांब्याची_तार

वाईट वाटलं वाचून. पहिल्यांदा हे का झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप कळेल. तुमच्या पंपातला प्रेशर स्विच फक्त एकच गोष्ट ओळखतो, पुढे प्रेशर भरलं की नाही. पाइप निसटला की प्रेशर कधीच भरत नाही, टाकी रिकामी झाली तरी भरत नाही, म्हणजे त्याच्या हिशोबाने कुणीतरी नळ उघडून उभं आहे आणि पाणी मागतंय. तो बिघडला नव्हता, त्याला सांगितलेलं काम तो शेवटपर्यंत करत राहिला. म्हणून नुसता चांगला प्रेशर स्विच घ्या वगैरे सल्ल्यांकडे जाऊ नका.

डायफ्राम पंप होता म्हणून इतका वेळ तरी टिकला. तिथे सबमर्सिबल किंवा साधा सेंट्रिफ्यूगल असता तर सील काही मिनिटांत गेलं असतं, कारण त्याच्या सीलला थंड ठेवणारं पाणीच असतं.

---

सोप्पं_बरं

माझ्या मते चावीचा टायमर लावा. गोल नॉब असतो, पिळला की आतली स्प्रिंग हळूहळू सुटते आणि शून्यावर आली की टक करून बंद. त्याला स्वतःला वीजच लागत नाही, त्यामुळे तुमचा तिसरा प्रश्न तिथेच संपला. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं आहे. ज्याला पाणी पाहिजे त्याने पिळायचं.

---

तांब्याची_तार

@सोप्पं_बरं कल्पना एकदम योग्य आहे, फक्त एक गोष्ट बघा. या टायमरवर लिहिलेले अँपिअर बहुतेक वेळा एसीचे असतात. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून कॉन्टॅक्ट उघडताना पडणारी ठिणगी आपोआप विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही, ठिणगी ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट हळूहळू जळतात, त्यात मोटर म्हणजे सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढणार. शेवटी एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. आणि चिकटले की काय होतं? टायमर शून्यावर, नॉब शून्यावर, आणि पंप चालू. म्हणजे ज्याच्यासाठी लावला तेच.

उपाय सोपा आहे, चावीच्या टायमरने मोटर थेट चालवू नका, त्याने फक्त रिलेची कॉइल चालवा (रिले म्हणजे छोट्या करंटने कॉइल ओढून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). गाडीत असतो तसला ३० अँपचा रिले, त्याच्या कॉइलला जेमतेम १५० मिलिअँप लागतात, टायमरच्या कॉन्टॅक्टला काहीच त्रास नाही. मोटरचा भार रिले उचलेल.

---

व्होल्टमीटर

एवढं सगळं कशाला करता? लो व्होल्टेज कटऑफ लावा. ११.५ व्होल्टला लोड तोडायचा, झालं. बॅटरी वाचली. तयार मॉड्यूल मिळतं, दोन वायरी आत दोन बाहेर.

---

रानातली_खोली

@व्होल्टमीटर पण मग पाणी तर सगळं जाणारच ना? माझ्याकडे पाणीही टँकरने चढवावं लागतं, बॅटरीइतकंच ते मला महाग आहे.

---

झरा_आणि_नळ

धागाकर्त्याचं बरोबर आहे. कटऑफ बॅटरीसाठी असतो, पाण्यासाठी नाही. आणि त्यात अजून एक गोम आहे जी मी स्वतः भोगली आहे. लोड तुटला की बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर येतो, लोड नसल्यामुळे. मॉड्यूलमध्ये परत जोडायचा आकडा जर तोडायच्या आकड्याच्या जवळच ठेवला असेल, समजा ११.५ ला तोड आणि १२ ला जोड, तर तोडल्यावर पाच मिनिटांत ते परत जोडणार, पंप परत फिरणार, परत तुटणार. आमच्याकडे रात्रभर हा खेळ चालला होता, रिलेचा टकटक आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. परत जोडायचा आकडा १२.६ च्या वर ठेवा, म्हणजे सोलरने नीट भरल्याशिवाय जोडला जाणार नाही. आणि तोडताना काही सेकंदांचा डिले द्या, नाहीतर मोटर सुरू होताना जो क्षणभर व्होल्टेज पडतो त्यालाच तो घाबरतो.

लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी असेल तर व्होल्टेजवर विसंबूच नका. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम खाली येतो. लेड ॲसिडचं बरं असतं, शांत असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, अंदाज तरी येतो.

तरी कटऑफ लावाच, पण टायमरच्या जोडीला. टायमरऐवजी नाही.

---

कोडवाला

मी मायक्रोकंट्रोलरवर (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपवर) केलंय. पंपाचा करंट मोजतो, सलग १५ मिनिटं चालला की बंद, दिवसात एकूण ४० मिनिटं झाली की बंद, करंट नेहमीपेक्षा फार कमी दिसला म्हणजे कोरडा चाललाय असं समजून बंद. कोरडा फिरताना डायफ्राम पंप बराच कमी करंट घेतो, फरक स्पष्ट दिसतो.

फक्त एक सांगतो, तयार बोर्ड जसाच्या तसा लावू नका. बोर्डावरचा रेग्युलेटर आणि पॉवरचा एलईडी मिळून सहज २० मिलिअँप खातात, म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपअवर, महिन्याला १५, तेही काहीच न करता. पावसाळ्यात आठ दिवस ऊन नसेल तर हे जाणवतं. एलईडी काढून टाका आणि बोर्डाला झोपवायला शिका. आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की बोर्ड परत सुरू करणारी सोय) चालू ठेवायला विसरू नका, प्रोग्राम अडकला आणि त्या क्षणी रिले चालू असेल तर तो चालूच राहतो.

---

पाणवठा

कोडवाला दादांनी जे दिवसाच्या एकूण मिनिटांचं लिहिलंय ना, ते सगळ्यांनी नीट वाचा. माझा अनुभव सांगते.

आम्ही नुसता सलग वेळ मोजणारा टायमर लावला होता, २० मिनिटांचा. पंप चालू असतानाच मोजायचा आणि पंप थांबला की परत शून्य. मोठी गळती झाली असती तर त्याने पकडलीच असती. पण झालं काय, एका नळाचा वॉशर गेला आणि थेंब थेंब सुरू झालं. प्रेशर हळूहळू पडायचं, दर तीन-चार मिनिटांनी पंप पाच-सहा सेकंद चालायचा आणि बंद. टायमर प्रत्येक वेळी शून्यापासून मोजायला लागायचा. वीस मिनिटं कधी भरलीच नाहीत. आठवड्याने गेलो तर टाकी अर्धी आणि पंपाचा प्रेशर स्विच जळालेला, कारण दिवसाला चारशेच्या आसपास वेळा तो चालू-बंद झाला होता. मोटर सुरू होतानाच तर सगळ्यात जास्त करंट खेचते.

मला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज अजून आठवतो, निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाला होतो तेव्हा घुर्र करून थांबायचा आणि मी म्हणायचे कुणीतरी नळ उघडला असेल. घरात तर आम्ही दोघंच होतो आणि दोघंही झोपलेलो. तेव्हाच उठून बघायला हवं होतं.

म्हणून टायमर कसा मोजतो हे आधी बघा, किती मिनिटांचा आहे हे नंतर.

---

रानातली_खोली

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नसतं. म्हणजे मी जो सलग वेळेचा टायमर बघून ठेवला होता तो रद्द.

---

जुना_स्टार्टर

मी आयुष्यभर मोटारींच्या स्टार्टरवर काम केलंय, तेव्हा माझं मत जरा वेगळं. तुम्ही सगळे पंप चुकला की पकडायचं कसं याच्या मागे आहात. लांबच्या जागेवर उलटं करा. पंपाला मुळात वीजच जाऊ देऊ नका जोपर्यंत माणूस बटन दाबत नाही.

स्टार्टरमध्ये काय असतं बघा. हिरवं बटन दाबलं की कॉइल ओढते, आणि तिचाच एक कॉन्टॅक्ट तिला धरून ठेवतो, त्याला आपण होल्डिंग म्हणतो. बोट काढलं तरी चालू. लाईट गेली की सुटते, आणि लाईट परत आली तरी आपली आपण लागत नाही, परत माणसाने दाबायचं. हीच गोष्ट १२ व्होल्टवर करा. एक दाबायचं बटन, एक रिले, आणि होल्डिंगच्या वायरमध्ये ऑन-डिले टायमरचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जुळलेला, ठरलेली वेळ भरली की उघडणारा). टायमरला पॉवर पण त्या रिलेच्या नंतरूनच द्या. बटन दाबलं, रिले लागला, टायमरने मोजायला घेतलं, वेळ भरली की त्याने होल्डिंग तोडलं, रिले सुटला, टायमरची स्वतःची पॉवरही गेली. आता सगळं मेलेलं, बॅटरीतून एक मिलिअँप पण जात नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य.

थेंब गळतीचाही यात प्रश्न नाही, कारण वेळ बटन दाबल्यापासून मोजला जातो, पंप मध्ये थांबला का चालला याच्याशी टायमरला घेणं नाही. बटन दाबल्यापासून वीस मिनिटं प्रेशर मिळणार, नंतर नळ कोरडा. परत पाहिजे तर परत दाबा. बॅटरी मरून परत भरली तरी पंप लागणार नाही.

रिलेच्या कॉइलवर, ती सुटताना उठणारा उलटा झटका गिळायला, डायोड टाका, १एन४००७ चालतो, पट्टीचं टोक प्लसकडे. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभरातच पाहिजे, पंपाजवळ नाही. मधली वायर उंदराने खाल्ली तर वाचवणार कोण?

---

पाणवठा

काका, हे फारच पटलं. आम्ही पण हेच करणार.

---

सोप्पं_बरं

म्हणजे माझा चावीचा टायमरच, फक्त बटनाच्या रूपात :) पिळल्याशिवाय चालू नाही हे तर मीही म्हणत होतो. चांगलं आहे.

---

ओढा

एक वेगळाच मुद्दा. टाकी आणि नळ यांच्या उंचीकडे कुणी बघितलं का? टाकी उंचावर आणि पाइप खाली जात असेल तर पंप बंद असला तरी पाणी त्याच्यातून वाहू शकतं. डायफ्राम पंपातले व्हॉल्व्ह पाण्याला उलटं येऊ देत नाहीत, पुढे जायला त्यांची ना नसते. पाइप तुटला की टायमर बंद, रिले बंद, मोटर थंड, आणि टाकी आपली सायफनने रिकामी होतेय. अशा जागी पंपाबरोबरच पॉवर मिळेल असा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा) टाका, पॉवर नसताना बंद राहणारा. नाहीतर निघताना टाकीचा कॉक हाताने बंद करा, तो सगळ्यात खात्रीचा.

---

रानातली_खोली

ओढा, धन्यवाद, माझी टाकी पंपाच्या बरोबरीनेच आहे पण एक नळ खालच्या अंगाला, बागेत आहे. तिथे पाणी नक्की उतरणार. कॉक बसवतो.

तीन आठवड्यांनी लिहितोय, जुना_स्टार्टर काकांच्या पद्धतीने घरीच टेबलावर जोडणी केली. आधी वेळ ठरवला. घड्याळ लावून प्रत्येक कामाला पंप किती वेळ चालतो ते बघितलं. बादली भरायला दोन मिनिटांच्या आत, आंघोळ सहा-सात मिनिटं, भांडी मध्ये मध्ये थांबत दहा. म्हणून १५ मिनिटं ठेवली. पाइप पूर्ण निसटला तरी १५ गुणिले ११ म्हणजे १६५ लिटर जातील, १००० नाही. हे मला सोसवेल.

पण एक अडचण आली आहे आणि ती मला सुटत नाही. मी एकच गाडीचा रिले वापरला, त्याच्याच आउटपुटवरून पंपही आणि होल्डिंगही. वेळ भरली की रिले सुटतो पण टक-टक-टक असा तीन-चार वेळा वाजतो, आणि दहातल्या दोन वेळा पंप परत सुरूच होतो, पुढच्या १५ मिनिटांसाठी. बादलीत पाणी असताना कमी होतं, पाइप बाहेर काढून पंप कोरडा फिरवला की जास्त होतं. टायमर खराब असेल म्हणून दुसरा लावला, तेच.

---

जुना_स्टार्टर

टायमर चांगला आहे. तुमची मोटरच रिलेला परत ओढतेय. पर्मनंट मॅग्नेटची डीसी मोटर पॉवर काढल्यावर जितका वेळ स्वतःच्या वेगाने फिरते तितका वेळ ती जनरेटर असते. तुमचं होल्डिंग मोटरच्याच वायरवरून घेतलंय, म्हणजे बॅटरी तुटली तरी त्या वायरवर मोटरने तयार केलेले सात-आठ व्होल्ट आहेतच. तेवढ्यात टायमर रिसेट होऊन त्याचा एनसी परत जुळला की कॉइलला ते व्होल्ट मिळतात आणि रिले ओढतो. कोरडी मोटर जास्त वेळ फिरते म्हणून कोरड्यात जास्त. तुम्ही ते बघितलंत आणि लिहिलंत म्हणून लगेच कळलं.

होल्डिंग वेगळं करा. एक छोटा रिले फक्त होल्डिंगसाठी, त्याच्या कॉन्टॅक्टला प्लस थेट बॅटरीच्या फ्यूजमधून. मोठा रिले फक्त मोटरसाठी. दोन्हींच्या कॉइल एकत्र जोडा. मोटरची वायर आणि होल्डिंगची वायर एकमेकींना कुठेच भेटली नाही पाहिजे.

---

कोडवाला

वा काका. माझ्या सर्किटमध्ये बंद केल्यावर करंटचा आकडा उलटा का दिसायचा ते आज कळलं.

---

रानातली_खोली

काका, झालं! छोटा रिले वेगळा लावला आणि टकटक पूर्ण गेली. पंप मुद्दाम कोरडा ठेवून चाळीस वेळा चाचणी घेतली, टायमर एका मिनिटावर ठेवून. चाळीसही वेळा एकदाच टक, आणि शांत.

जागेवर बसवताना अजून एक सापडलं. पंप बॅटरीपासून १० मीटरवर आहे आणि वायर २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) होती. जाऊन-येऊन २० मीटर झाली, पंप ७ अँप घेत असताना जवळजवळ १ व्होल्ट वायरमध्येच जात होता. पंपाजवळ मोजलं तर बॅटरीवर १२.४ आणि इथे ११.५. कटऑफ मॉड्यूल पंपाजवळ लावलं असतं तर उगाच तोडत बसलं असतं. ते बॅटरीजवळ हलवलं आणि वायर ६ स्क्वेअरची केली, पंपाचा आवाजच बदलला.

बटन नळाच्या शेजारी, त्याच्या वर छोटा दिवा, चालू असेपर्यंत पेटतो. आंघोळीच्या मध्ये बंद पडलं तर ओल्या हाताने दाबता यावं म्हणून रबरी टोपी असलेलं बटन घेतलं. फक्त १२ व्होल्ट आहेत म्हणून ते चालतं, २३० च्या मोटरला असं कुणी करू नका.

---

झरा_आणि_नळ

छान झालं. प्रेशर स्विच ठेवलात का काढलात?

---

रानातली_खोली

ठेवलाय, तो मोटरच्या वायरमध्ये आहे तसाच. टायमर नुसता वरचा राखणदार.

दोन महिन्यांनी परत येतोय कारण सांगितल्याशिवाय राहवेना. परवा गेलो तर बागेतल्या नळाचा पाइप जनावराने ओढून तोडलेला. आम्ही मागच्या वेळी निघायच्या आधी कुणीतरी शेवटचं बटन दाबून हात धुतले असणार आणि कॉक बंद करायचं राहिलं, नाहीतर पाणी गेलंच नसतं. टाकीत पट्टी घालून बघितलं, सातशेच्या वर पाणी होतं, पाइपचं तुटलेलं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीइतकं वरच अडकलं होतं म्हणून बाकीचं उतरलं नसावं. बॅटरी १२.७. पंपावर हात ठेवून बघितला, गार.

---

ओढा

बॅटरी आणि पंप वाचले ते टायमरमुळे, पण पाणी जरा नशिबाने राहिलंय. तुटलेलं टोक अजून दोन वीत खाली पडलं असतं तर सायफनने टाकी गेली असती. कॉक विसरला जातो हे आता दिसलंच, तेव्हा सोलेनॉइड घ्या. त्याची वायर पंपाच्या रिलेलाच जोडा, वेगळं बटन लागत नाही. घेताना फक्त बघा की तो शून्य प्रेशरला उघडणारा आहे, काहींना उघडायला मागून थोडं प्रेशर लागतंच आणि टाकीच्या उतारावर ते मिळत नाही.

---

रानातली_खोली

बरोबर आहे. टाकीच्या तोंडालाच लावतो, पंपाच्या आधी. आणि वायर प्रेशर स्विचच्या पुढून घेतो, म्हणजे पंप थांबला की व्हॉल्व्हही बंद, बरोबर ना?

---

जुना_स्टार्टर

नको. प्रेशर स्विचच्या आधी, थेट मोठ्या रिलेच्या आउटपुटवर. प्रेशर स्विचच्या पुढे घेतलात तर नळ जरासा उघडला की व्हॉल्व्ह पंपाबरोबर फडफडत राहील. त्याच्या कॉइलवरही डायोड टाका.